स्टेल्थ म्हणजे अदृश्य नव्हे: कालच्या पोस्टला माझं उत्तर

सांबरेकर:
काल इथं एकानं लिहिलं, "सर्बियानं जुनाट मिसाईलनं अमेरिकेचं एफ-117 हे स्टेल्थ विमान पाडलं, तिथंच स्टेल्थची हवा गेली. एएमसीएवर, म्हणजे आपल्या होऊ घातलेल्या देशी स्टेल्थ लढाऊ विमानावर, 15 हजार कोटी घालण्यापेक्षा तेवढ्याची तेजस घ्या." खाली शाबासक्यांची रांग. वाचून डोकं उठलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

बेळगावजवळच्या सांबऱ्याच्या हवाई दलाच्या ट्रेनिंग स्कूलमधून निघालो ते वीस वर्षं मिग-21 च्या अंगाखाली काढली. स्टेल्थ विमान रडारला दिसतच नाही, असं कुठल्याही जाणत्या माणसानं कधी म्हटलेलं नाही. ते उशिरा दिसतं. रडारवरचा ठसा दहा हजारपट लहान केला, तर दिसण्याचं अंतर दहापट घटतं. 200 किलोमीटरवर दिसणारं विमान 20 वर दिसतं, आणि तोवर त्याचं मिसाईल सुटलेलं असतं. सगळा खेळ त्या मधल्या अंतराचा आहे.

एफ-117 चं म्हणाल, तर 1991 च्या इराक युद्धात त्यांनी बाराशेच्या वर फेऱ्या मारल्या आणि एकही पडलं नाही. 27 मार्च 1999 ला सर्बियात पडलं, कारण ती विमानं रोज त्याच वाटेनं यायची आणि समोरचा कर्नल लांब लहरींचं रडार थोडा थोडा वेळच चालू करून टपून बसला होता. हुशारी त्याची, चूक आखणी करणाऱ्यांची. चीनचं जे-20 हे स्टेल्थ विमान 2011 मध्ये पहिल्यांदा उडालं आणि 2024 मध्ये तिबेटमधल्या शिगात्सेला उभं दिसलं. तिथून सिक्कीम दीडशे किलोमीटरसुद्धा नाही. आपण अजून कागदावर आहोत.

उद्यमबागचा फौंड्रीवाला:
काका, ती पोस्ट माझीच. तुमच्या नोकरीचा मान ठेवून सांगतो, तुम्ही मूळ मुद्द्याला बगल दिली. हवाई दलाला लढाऊ विमानांच्या 42 स्क्वॉड्रन, म्हणजे तुकड्या, पाहिजेत, आणि 26 सप्टेंबर 2025 ला तुमचं मिग-21 निवृत्त झाल्यावर उरल्या 29. घरात भाकरीला पीठ नाही आणि आपण पुरणपोळीचा बेत आखतोय. तेजस 1983 ला मंजूर झालं, 2001 ला उडालं, स्क्वॉड्रनमध्ये यायला 2016 उजाडलं. आता त्याची सुधारित आवृत्ती मार्क-1ए इंजिनासाठी अडून बसलंय. हेच लोक 2035 ला स्टेल्थ देणार म्हणता?

आणि माझा राग नुसता कागदी नाही. आमच्या फौंड्रीनं संरक्षण खात्याच्या एका पुरवठादाराला 400 ब्रॅकेटं दिली होती. माल पास झाला, बिलासाठी चौदा महिने नाचवलं. बँकेचं व्याज भरायला वडिलांनी घेतलेली लेथ विकावी लागली. देशी विमान म्हटलं की मला ती लेथ आठवते.

खानापूरकर:
दादा, लेथचं वाईट वाटलं. पण बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत सगळे बिलाचंच रडगाणं गातात, क्वालिटीचं कोण बोलतंय? माझी धाकटी बहीण हत्तरगीच्या कारखान्यात विमानाचे पार्ट तपासायला बसते. केसाच्या जाडीएवढा फरक पडला तरी पार्ट बाजूला, आणि धातूच्या कुठल्या बारमधून कापला त्याचा कागद सोबत. आपल्याकडं ओतकामात राहिलेल्या हवेच्या भोकांवर, ब्लोहोलवर, पुट्टी फासून माल गाडीत चढवतात. मी स्वतः तीन वर्षं फेटलिंगला, म्हणजे ओतलेला माल घासून साफ करायला, होतो, डोळ्यांनी बघितलंय.

उद्यमबागचा फौंड्रीवाला:
एका फौंड्रीचं पाप सगळ्या उद्यमबागेच्या माथी मारू नका! आमचे पंपाचे बॉडी परदेशी जातात. कागद ठेवायला दोन माणसं लागतात, त्यांचा पगार जॉबवर्कच्या रेटमध्ये कोण धरून देतो ते सांगा. हत्तरगीला मोठं भांडवल आहे म्हणून जमतं. लहान माणसानं काय करायचं?

निपाणीची ताई:
विषय विमानाचा होता की वो! पण बिलाचं खरं आहे. आमच्या ह्यांचं ओतकामाचे लाकडी साचे, पॅटर्न, करायचं दुकान अशाच थकबाकीत बंद पडलं. आता पोरगा बेंगळूरुला कोडिंग करतो, लाकडाला हात लावत नाही. ती कला गेली ती गेलीच.

सांबरेकर:
ताई, विषय हाच आहे. हॅव ब्लू या अमेरिकेच्या स्टेल्थ चाचणी विमानाचे तीन स्क्रू नीट बसले नव्हते, नखाच्या जाडीएवढे वर राहिले, तेवढ्यानं ते रडारवर चमकलं. आम्ही मिगचं पॅनेल पायलट वाट बघतोय म्हणून घाईत बंद करायचो, एखादा स्क्रू उंच राहिला तरी विमान उडायचं. स्टेल्थमध्ये ती मुभा नाही. फट, कड, लेप, सगळं रोज तपासायचं. ही शिस्त विकत मिळत नाही.

उद्यमबागचा फौंड्रीवाला:
म्हणजे शेवटी माझंच म्हणणं! सांभाळायला एवढं कठीण विमान घेऊन युद्धात किती उडणार? जून 2025 मध्ये ब्रिटनचं एफ-35 हे अमेरिकी बनावटीचं स्टेल्थ विमान तिरुवनंतपुरमला उतरलं आणि पाच आठवडे अडकलं. तुम्ही हवाई दलात होता म्हणून आम्ही आकडे बोलायचेच नाहीत का?

सांबरेकर:
आवाज चढवू नका, मी तुमच्या वडिलांच्या वयाचा आहे. ते विमान अडकलं, कारण त्याला हात लावणारी माणसं ब्रिटनहून यावी लागली. परक्याचं घेतलं की हेच होणार. म्हणूनच आपलं पाहिजे. त्याच महिन्यात इस्रायलची एफ-35 इराणवर दिवसरात्र गेली आणि परत आली, तेही बघा.

उद्यमबागचा फौंड्रीवाला:
ठीक. एफ-117 वरून मी घाईनं निष्कर्ष काढला, तेवढं मागं घेतो. 15 हजार कोटी डिझाइन आणि पाच नमुन्यांचे आहेत, तेवढ्यात स्क्वॉड्रन उभ्या राहत नाहीत, हेही नंतर वाचलं. पण आधी तेजसची इंजिनं आणा आणि लहान कारखान्याचं बिल 45 दिवसांत द्या. त्याशिवाय मी एएमसीएला हो म्हणणार नाही.

सांबरेकर:
बिलाच्या बाबतीत मी तुमच्या बाजूनं. बाकी नाही.

खानापूरकर:
दादा, पुट्टीचं मी रागात सरसकट लिहिलं. पण तुमच्या फौंड्रीत कुठला माल कुठल्या हीटचा, म्हणजे भट्टीच्या कुठल्या ओतणीचा, याची वही असेल तर बहिणीला दाखवायला घेऊन येतो. रविवारी तिला सुट्टी असते.