एकाच शेतात वेगवेगळ्या जातींची गांडुळे टिकवायची कशी?

प्रश्न
एका तुकड्यात मी अनेक हंगामांपासून शेणखत घालत असून पिकांचे अवशेषही शेतातच ठेवतो. पेरणीपूर्वी नांगरणी करून रोटाव्हेटर फिरवतो, त्यामुळे हे अवशेष मातीत मिसळले जातात. वरच्या थरात फिकट रंगाची लहान गांडुळे भरपूर आहेत. खोल, उभी बिळे करणारी मोठी गांडुळे मात्र दिसत नाहीत. गांडूळखताच्या वाफ्यातील गांडुळे आणून सोडल्यास ही उणीव भरून निघेल का?

उत्तर १
नाही. गांडूळखतासाठी वापरली जाणारी आयसेनिया फेटिडा ही जात कुजणाऱ्या ढिगात राहणारी आहे. ती खोल बिळे करत नाही आणि सेंद्रिय पदार्थ कमी असलेल्या उघड्या शेतात फार काळ टिकत नाही. गांडुळांचे ढोबळमानाने तीन गट मानतात: पालापाचोळ्यात राहणारी, वरच्या थरात आडवी बिळे करत माती खाणारी आणि खोल, कायमस्वरूपी उभी बिळे करून रात्री पृष्ठभागावरील पाने आत ओढून नेणारी. तुमच्याकडे दुसरा गट वाढला आहे, कारण मातीत मिसळलेले अवशेष त्याला सहज मिळतात. तिसऱ्या गटाचे मात्र दुहेरी नुकसान होते: नांगराने बिळे मोडतात आणि रोटाव्हेटरमुळे पृष्ठभागावरचे अन्न नाहीसे होते. म्हणून बाहेरून गांडुळे आणण्यापेक्षा मशागत कमी करणे आणि अवशेष जमिनीवरच राहू देणे, हाच मला योग्य मार्ग वाटतो.

उत्तर २
वरील मताशी मी सहमत आहे, परंतु धीर धरावा लागेल. ही मोठी गांडुळे सावकाश वाढतात आणि आपणहून वर्षाला काही मीटरच पसरतात, म्हणून बांध आणि न नांगरलेल्या पट्ट्या जपणे फार महत्त्वाचे आहे. शेतात परतणारी गांडुळे तिथूनच येतात. जमीन ओली असताना जड यंत्रे फिरवणेही टाळावे. गांडुळे त्वचेतून श्वास घेतात आणि दाबल्या गेलेल्या जमिनीत त्यांना हवा व वाट दोन्ही कमी पडतात.

प्रश्नकर्ता
ती खरोखरच नाहीत, की खोलवर असल्याने मला दिसत नाहीत, हे कसे ओळखावे?

उत्तर ३
कोरड्या दिवसांत शोधू नका; त्या काळात अनेक जाती खोल जाऊन वेटोळे करून निपचित पडतात. जमीन ओलसर असताना सकाळी 20 सेंटीमीटर लांब, रुंद व खोल खड्डा घेऊन त्यातील गांडुळे मोजावीत, मग त्याच्या तळाशी मोहरीची पूड कालवलेले पाणी ओतून थोडा वेळ थांबावे. त्वचेला चुरचुरल्याने खोलवरची गांडुळे वर येतात. मोजून झाल्यावर ती स्वच्छ पाण्याने धुऊन सोडून द्यावीत. असाच एक खड्डा बांधाजवळही घ्यावा. तिथे मोठी गांडुळे निघाली आणि शेतात निघाली नाहीत, तर संशय मशागतीवर घ्यावा. दोन्हीकडे नसतील, तर मातीचा सामू तपासावा, कारण अमोनियम सल्फेटच्या सततच्या वापराने जमीन आम्लधर्मी होते आणि बहुतेक जातींना ती मानवत नाही. ताम्रयुक्त बुरशीनाशके वर्षानुवर्षे फवारली असतील, तर तेही तपासावे, कारण तांबे वरच्या थरात साठून राहते आणि गांडुळांना बाधते.