मदत हवी आहे: सीमेवरचं शिखर, हद्द नेमकी कशावरून ठरते?

देशांच्या सीमेवर उभ्या असलेल्या शिखरांचा तक्ता करतेय. नाव, उंची, देश इथवर सगळं सुरळीत होतं. मग 'सीमा इथूनच का?' असा रकाना हौसेने घातला आणि आता तोच मानगुटीवर बसलाय.

मॅटरहॉर्न (४४७८ मी., स्वित्झर्लंड-इटली) पटकन सुटलं: पाणी दोन बाजूंना वाहतं, मधली धार म्हणजे हद्द. पण अकोंकाग्वा घ्या. ६९६१ मी., अँडीजमधलं सर्वात उंच शिखर, आणि ते अख्खं अर्जेंटिनात! चिलीची हद्द तिथून जवळच, पण शिखराला शिवत नाही. त्याहून कमी उंचीचं ओहोस देल सलादो मात्र सीमेवर. आपल्याकडेही नंदादेवी पूर्ण भारतात, तर कांचनगंगा भारत-नेपाळ सीमेवर.

माँ ब्लाँने तर कहर केलाय. इटलीच्या नकाशात सीमा माथ्यावरून जाते, फ्रान्सच्या नकाशात माथ्याच्या दक्षिणेकडून, म्हणजे माथा पूर्ण फ्रेंच. तक्त्यात कोणाचं नाव लिहू? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १
सर्वात उंच धार आणि जलविभाजक (पाणी दोन बाजूंना विभागणारी रेषा) एकच असतात, असं धरून चाललात की गोची होते. १८८१ च्या चिली-अर्जेंटिना तहात हेच झालं. 'पाणी विभागणारी सर्वात उंच शिखरं' ही हद्द ठरली. दक्षिणेत पॅटागोनियाकडे गेल्यावर उंच शिखरं एकीकडे आणि पाणी विभागणारी रेषा दुसरीकडे निघाली. अर्जेंटिना शिखरं धरून बसला, चिली पाणी. शेवटी १९०२ मध्ये ब्रिटनच्या राजाच्या लवादाने मधला मार्ग काढला.

एव्हरेस्टचं तर आणखी मजेशीर आहे. उत्तरेच्या राँगबुक हिमनदीचं पाणी अरुण नदीत जातं, अरुण हिमालय कापून नेपाळात उतरते आणि कोसीला मिळते. दक्षिणेकडचं पाणी दूधकोसीतून तिथेच पोचतं. दोन्ही उतार शेवटी एकाच नदीचे! तरी १९६१ च्या नेपाळ-चीन करारानुसार सीमा माथ्यावरूनच जाते. त्यामुळे तुमच्या रकान्यात भूगोलापेक्षा कराराचं वर्ष लिहा. माँ ब्लाँपुढे सरळ 'वादग्रस्त' लिहून दोन्ही दावे द्या, एकाची बाजू घेऊ नका.

प्रतिसाद २
वरच्या प्रतिसादाशी सहमत. फक्त वर्षाबरोबर 'कधीपर्यंतची माहिती' हेही टाका. मॅटरहॉर्नच्या परिसरात थिओडुल हिमनदी आक्रसल्याने बर्फावरचा जलविभाजक सरकला. २०२३ मध्ये दोन्ही देशांनी हद्द बदलण्याचं ठरवलं आणि पुढच्या वर्षी स्वित्झर्लंडने त्याला मान्यताही दिली.

हाल्टी विसरू नका. माथा नॉर्वेत, १३६५ मी.; फिनलंडचं सर्वोच्च ठिकाण त्याच डोंगराच्या उतारावर, १३२४ मी. फिनलंडच्या स्वातंत्र्याच्या शंभरीला दुसरा एक माथा भेट द्यावा अशी मोहीम नॉर्वेत निघाली होती. राज्यघटना आड आली, नाहीतर काय थाट झाला असता!

धागाकर्ती
दोघांचेही आभार. रकान्याचं नाव 'करार आणि वर्ष' केलं. आता रोराइमापाशी अडलेय: व्हेनेझुएला, गयाना, ब्राझील तिन्हींच्या सीमा माथ्याच्या पठारावर मिळतात, पण सर्वात उंच खडक (२८१० मी.) व्हेनेझुएलाच्या बाजूला आहे. असं शिखर 'सीमेवरचं' धरायचं का?