मदत हवी आहे : कंपनीत क्षेत्रकार्य करताना गोपनीयता कशी राखावी?

मानवशास्त्राच्या प्रबंधासाठी एका कंपनीत सहभागी निरीक्षण, म्हणजे तिथल्या लोकांमध्ये मिसळून त्यांचं वागणं पाहणं आणि टिपणं काढणं, करणार आहे. १९३१-३२ मध्ये शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात लॉइड वॉर्नर या मानवशास्त्रज्ञाच्या सल्ल्याने 14 कामगारांचं निरीक्षण झालं. रोज किती काम करायचं हे ते आपसांतच ठरवत, जास्त करणाऱ्याला गटच आवरत असे. मलाही असंच, कुठल्याच नियमावलीत नसलेलं पाहायचं आहे. पण परवानगी देणार व्यवस्थापन! उद्या त्यांनी टिपणं मागितली, तर विश्वासाने बोललेल्यांचं काय? लहान विभागात नाव बदललं तरी माणूस लगेच ओळखू येतो. मला ही काळजी फार वाटते. टिपणं फक्त माझ्याकडेच राहतील, अशी अट कुणी करारात लिहून घेतली आहे का? शब्द काय होते? कंपन्यांत काम केलेल्यांनी कृपया सांगा.