वॉरंटीतल्या लॅपटॉपचा चार्जिंग सॉकेट मोडलाय, बाहेर उघडू की नको?

पत्रिकावाली_खानापूर:
नमस्कार मंडळी. मी खानापुरात घरातनंच लग्नपत्रिकांचं डीटीपी करते. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कानडी, त्यामुळं एकाच लॅपटॉपवर मराठी टायपिंगचं श्रीलिपी आणि कानडीचं नुडी अशी दोन्ही सॉफ्टवेअरं नांदतात. तुळशीची लग्नं झाली की कामाची झुंबड असते आणि नेमका आत्ताच घोळ झालाय.

परवा भाचा पळत आला आणि चार्जरच्या वायरीत त्याचा पाय अडकला. लॅपटॉप टेबलावरनं पडला नाही, पण पिन सॉकेटात तिरकी झाली. आता सरळ धरली तर दिवा लागत नाही, उचलून धरली की लागतो. जुन्या पत्रिकेची चौपदरी घडी करून पिनेखाली खुपसली की चालतं कसंबसं. त्यातही गंमत म्हणजे दिवा पेटलेला असतो, स्क्रीनवर चार्जर लागल्याचं चिन्ह असतं आणि बॅटरी तासाभरानंही ३१ टक्क्यांवरच.

पिन दिवाळीच्या आधीपासनंच जरा सैल होती. तेव्हाच दाखवायला हवी होती, अंगावर काढलं.

लॅपटॉप ७ महिन्यांमागं कोल्हापुरात घेतला, ५२ हजारांना. बिल आहे, वॉरंटी वर्षाची. बेळगावच्या सर्व्हिस सेंटरला नेला. काउंटरवरच्या मुलानं विचारलं, "बिद्दित्तेन्री?" मी म्हटलं, पडला नाही हो, वायरीत पाय अडकला. झालं! त्यानं न उघडताच कागदावर 'फिजिकल डॅमेज' लिहिलं. वॉरंटीत बसत नाही, मदरबोर्ड बदलावा लागेल, १८,५०० रुपये.

तिथनं खडेबाजारात एका रिपेअरवाल्याकडं गेले. त्यानं सॉकेटात टॉर्च मारून पाहिलं आणि म्हणाला, १२०० द्या, संध्याकाळी घेऊन जा. खरं, उघडल्यावर वॉरंटी विसरा, हेही त्यानंच सांगितलं. चार दिवसांत दोन पत्रिका छापायला द्यायच्यात. काय करू? आणि पाय अडकला हे बोलले तीच चूक झाली का?

डाग_देणारा:
ताई, आधी ती पत्रिकेची घडी काढा. ६५ वॅटचा चार्जर १९.५ व्होल्टला तीन अँपियरच्या वर करंट देतो. तो टाचणीच्या टोकाएवढ्या जागेतनं जायला लागला की तिथं ठिणग्या पडतात, प्लास्टिक वितळतं. सॉकेट काळा पडला तर तुमची बाजूच संपली.

दिवा लागतो पण चार्ज होत नाही, याचं कारण बहुतेक मधली बारीक सुई. बऱ्याच लॅपटॉपात पॉवर बाहेरच्या कड्यावरनं येते आणि ती सुई फक्त चार्जर किती वॅटचा आहे ते सांगते. ती वाकली किंवा तुटली की लॅपटॉपला चार्जर ओळखता येत नाही. मग तो चालतो, पण बॅटरी भरत नाही.

आता मुद्द्याचं. तुमच्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल कंपनीच्या साइटवरनं उतरवून घ्या आणि सॉकेट बोर्डावर डाग देऊन (सोल्डर करून) बसवलाय की छोट्या केबलवर वेगळा आहे ते बघा. वेगळा असेल तर बोर्ड बदलायचा प्रश्नच येत नाही, दोन स्क्रू आणि एक कनेक्टर. बोर्डावर असेल तर मात्र सर्व्हिस सेंटरं डाग देत बसत नाहीत, सरळ बोर्ड बदलतात. त्यांचा १८,५०० चा आकडा तिथनं आला असणार.

घाटावरचा_गणू:
म्हणूनच मी डेस्कटॉप वापरतो.

निपाणीचा_निवांत:
गणूशेठ, लाइट गेल्यावर तुमच्या डेस्कटॉपचं काय होतं तेही सांगा.

ताई, खरं बोललात ते बरं केलंत. साध्या वॉरंटीत कंपनीचा दोष बसतो, अपघात बसत नाही. अपघाताचं संरक्षण वेगळे पैसे भरून घ्यावं लागतं, बिलावर तसं काही आहे का बघा. नसेल तर फुकटच करून द्या म्हणून भांडण्यात हशील नाही. पण न उघडता मदरबोर्ड गेला म्हणणं ही वेगळी गोष्ट झाली. जॉबशीट मागा, नेमका कुठला भाग मोडला आणि तेवढाच का बदलता येत नाही, हे लेखी द्या म्हणा. बोलताना १८,५०० सांगणारे लिहायची वेळ आली की उघडून बघतात.

दाद दिली नाही तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे. त्यापुढं जिल्हा ग्राहक आयोग. लॅपटॉप कोल्हापुरात घेतलाय म्हणून तिकडं हेलपाटे घालायला नकोत. २०१९ च्या कायद्यात आपण राहतो तिथं तक्रार करता येते, म्हणजे तुम्हाला बेळगाव. ५ लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही. तरी १२०० च्या कामाला मी तिथवर जाणार नाही.

डाग_देणारा:
एक राहिलं. आतला डेटा आधी काढून घ्या. बोर्ड बदलायचीच वेळ आली तर बिटलॉकर, म्हणजे विंडोजनं डेटाला लावलेलं कुलूप, ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकतो. ती मायक्रोसॉफ्ट खात्यात असते, आत्ताच वहीत उतरवून ठेवा. मागच्या महिन्यात एक मास्तर माझ्यासमोर रडायचे बाकी होते.

पत्रिकावाली_खानापूर:
सगळ्यांना धन्यवाद. मॅन्युअल मिळालं. सॉकेट वेगळा आहे, वीतभर केबलवर! त्या पानाची प्रिंट घेऊन आज परत बेळगाव गाठलं. तोच मुलगा होता. पान बघून आत गेला, मोठ्या साहेबांना घेऊन आला, त्यांनी माझ्यासमोर मागचं झाकण काढलं. मधली सुई आडवी झालेली, बोर्ड ठणठणीत. केबलचे मजुरीसकट २,३५० घेणार, बाकीची वॉरंटी राहील असं जॉबशीटवर लिहून दिलंय. बाहेरच्यापेक्षा हजारभर जास्त गेले, पण उरलेल्या ५ महिन्यांचे म्हणून दिले.

केबल यायला आठवडा लागेल म्हणाले. तोवर दोन्ही पत्रिका शहापुरातल्या मैत्रिणीच्या कॉम्प्युटरवर. तिच्याकडं नुडी नाही, तेवढं आज रात्री बसून टाकायचं आहे. भाचा रोज विचारतोय, "मावशी, चार्ज झाला?"