ट्युनिशिया आणि इजिप्त: एकाच पेचातून दोन वाटा कशा फुटल्या?

मुसाफिर

२०११ च्या अरब उठावांविषयी बरेच दिवस वाचतो आहे आणि एका प्रश्नापाशी सारखा अडखळतो आहे. १४ जानेवारी २०११ रोजी ट्युनिशियाचे राष्ट्राध्यक्ष बेन अली देश सोडून सौदी अरेबियात पळाले आणि चारच आठवड्यांनी, ११ फेब्रुवारीला, इजिप्तचे होस्नी मुबारक पायउतार झाले. दोन्हीकडच्या रस्त्यांवर घोषणा एकच होती: 'अश-शाब युरीद इस्कात अन-निझाम', म्हणजे ही राजवट कोसळावी अशी जनतेची इच्छा आहे. दोन्हीकडे पहिल्या मुक्त निवडणुकांत इस्लामी विचारांचे पक्ष सर्वांत पुढे राहिले आणि २०१३ च्या उन्हाळ्यात दोन्ही देश पुन्हा पेटले. तरीही इजिप्तमध्ये ३ जुलैला लष्कराने राष्ट्राध्यक्ष मोर्सी यांना हटवले आणि १४ ऑगस्टला कैरोच्या राबिआ चौकात मोर्सींना पाठिंबा देणारी शेकडो माणसे मारली गेली. ट्युनिशियात मात्र जवळपास तशाच पेचातून जानेवारी २०१४ मध्ये नवी राज्यघटना साकार झाली. हा फरक नेत्यांच्या स्वभावामुळे पडला, की त्यामागे अधिक खोल कारण आहे? आणि २०२१ नंतर तोच ट्युनिशिया एकहाती सत्तेकडे गेला, तेव्हा त्याला यशस्वी म्हणणेच चुकले होते का?

शिलालेख

नेत्यांचा स्वभाव हे कारण मला दुय्यम वाटते. पेच चिघळला तेव्हा दोन्ही बाजूंना ओढून एका टेबलाशी बसवू शकेल असे तिसरे कुणी देशात होते का, हा प्रश्न आधी विचारायला हवा. ट्युनिशियात असे कुणीतरी होते, इजिप्तमध्ये ती जागा लष्कराने आधीच व्यापलेली होती.

ट्युनिशियातील कामगारांचा महासंघ, यूजीटीटी, १९४६ साली, म्हणजे स्वातंत्र्याच्या दहा वर्षे आधी स्थापन झाला. बेन अलींच्या काळात त्याचे वरिष्ठ नेतृत्व सरकारशी जुळवून घेत असे, हे खरे. पण गावोगावच्या शाखा जिवंत राहिल्या. १७ डिसेंबर २०१० रोजी सिदी बूझिद येथे भाजी विकणाऱ्या मोहम्मद बुअझीझीचा माल आणि तराजू जप्त झाला, त्याची दाद कुणी घेईना, तेव्हा त्याने सरकारी कचेरीसमोर स्वतःला पेटवून घेतले. त्यानंतर जमलेल्या गर्दीला संघटनेचे बळ मिळाले ते याच शाखांतील शिक्षकांकडून आणि कामगारांकडून. बेन अली पळण्याच्या दोनच दिवस आधी स्फाक्स शहरात महासंघाने सार्वत्रिक संप पुकारला होता. असा मागचा आधार असल्यामुळेच २०१३ मध्ये शोक्री बेलईद आणि मोहम्मद ब्राहमी या दोन विरोधी नेत्यांच्या हत्या झाल्या, घटना समितीचे काम थांबले आणि बार्दो येथील सभागृहासमोर लोकांनी ठिय्या दिला, तेव्हा महासंघाला उद्योजकांची संघटना, मानवाधिकार संघ आणि वकिलांची परिषद यांना सोबत घेऊन मध्यस्थी करता आली. २१७ पैकी ८९ जागा जिंकलेल्या एन्नाहदा या इस्लामी पक्षाने अखेर सत्ता सोडली आणि बिनपक्षीय सरकारला वाट करून दिली. या चौघांना २०१५ चा नोबेल शांतता पुरस्कार मिळाला.

दुसरी गोष्ट सैन्याची. ट्युनिशियाचे सैन्य लहान होते आणि पहिले राष्ट्राध्यक्ष बुर्गिबा यांच्या काळापासून त्याला राजकारणापासून दूर ठेवले गेले होते. बेन अलींची सारी भिस्त गृहखात्याच्या पोलिसांवर होती. इजिप्तमध्ये १९५२ पासून मुबारक यांच्यापर्यंत प्रत्येक राष्ट्राध्यक्ष लष्करातून आलेला, आणि लष्कराच्या हाती कारखाने व जमिनी. अशा लष्कराला पंच म्हणून बोलावले, तर निकाल देऊन झाल्यावर ते मैदान सोडून का जाईल?

पाणवठा

शिलालेख यांच्या मताशी बव्हंशी सहमत असूनही नेत्यांचे निर्णय इतके मागे ढकलणे मला पटत नाही. मोर्सी २०१२ मध्ये ५१.७ टक्के मतांनी निवडून आले, पण पहिल्या फेरीत त्यांना जेमतेम चौथा हिस्सा मते होती. म्हणजे दुसऱ्या फेरीत त्यांना मत देणारे अनेक जण मुबारक यांच्या शेवटच्या पंतप्रधानांना, अहमद शफीक यांना, अडवायला गेले होते. या उसन्या मतांची जाणीव ठेवून कारभार करायला हवा होता. त्याऐवजी त्यांनी नोव्हेंबर २०१२ मध्ये आपले आदेश न्यायालयांच्या कक्षेबाहेर नेले आणि राज्यघटना घाईने सार्वमताला टाकली. एन्नाहदाचे नेते घन्नूशी यांनी पुढल्या वर्षी कैरोकडे पाहूनच माघार घेतली, असे मला वाटते. राबिआनंतर एन्नाहदाला आपले काय होऊ शकते हे डोळ्यांसमोर दिसत होते.

आणखी एक दृश्य मनातून जात नाही. मुबारक गेल्याच्या दुसऱ्या दिवशी हजारो तरुण तहरीर चौकात झाडू घेऊन आले; त्यांनी फरशा झाडल्या, पदपथांच्या कडा रंगवल्या आणि बहुतेक जण घरी गेले. ते दृश्य विलक्षण सुंदर होते, आणि त्याच दिवसापासून सत्ता सर्वोच्च लष्करी परिषदेच्या हाती बिनबोभाट स्थिरावत गेली. सुदानच्या लोकांनी यातून धडा घेतला होता. ११ एप्रिल २०१९ रोजी तिथले राष्ट्राध्यक्ष ओमर अल-बशीर हटवले गेले तरी खार्टूममधील लष्करी मुख्यालयासमोरची माणसे हलली नाहीत, आणि नव्या लष्करी परिषदेच्या प्रमुखाला एका दिवसात जावे लागले. पण ३ जूनला त्याच जमावावर हल्ला झाला, शंभराहून अधिक बळी गेले. पुढे सत्तावाटपाचा करार झाला, तोही २५ ऑक्टोबर २०२१ च्या लष्करी बंडाने मोडला. तेव्हा केवळ ठिय्या देऊन राहणेही पुरेसे नसते.

मुसाफिर

दोघांचेही आभार. उसन्या मतांचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. पण मग ट्युनिशियात एवढी मध्यस्थीची ताकद असताना २०२१ मध्ये ती कुठे गेली?

शिलालेख

हाच प्रश्न मलाही बोचतो, कारण उत्तराचा एक भाग टाळता येण्यासारखा होता. २०१४ च्या घटनेत घटनात्मक न्यायालयाची तरतूद होती. त्याचे चार सदस्य संसदेने दोन-तृतीयांश मतांनी, म्हणजे १४५ मतांनी, निवडायचे होते. पक्षांची आपापसांत इतकी ओढाताण चालली की वर्षानुवर्षे एकाच सदस्याच्या नावावर एकमत झाले आणि न्यायालय कधी उभेच राहिले नाही. २५ जुलै २०२१ रोजी राष्ट्राध्यक्ष कैस सईद यांनी आणीबाणीच्या अधिकारांविषयीच्या कलम ८० चा आधार घेऊन पंतप्रधानांना बडतर्फ केले आणि संसद गोठवली. त्याच कलमात असे लिहिले होते की, या काळात संसदेचे अधिवेशन अखंड चालू राहील! पण हे बोट ठेवून सांगणारे न्यायपीठच नव्हते. त्या रात्री संसदेचे अध्यक्ष असलेले घन्नूशी संसदेच्या फाटकाशी पोहोचले, तेव्हा आत सैन्य होते आणि फाटक बंद होते.

त्यांच्यासाठी रस्त्यावर फारसे कुणी उतरले नाही. उलट शहरांत अनेकांनी आनंद साजरा केला, आणि महासंघानेही सुरुवातीला सावध पाठिंबाच दिला. याचे कारण सिदी बूझिद, कासरीन, गाफ्सा अशा आतल्या भागांत शोधावे लागते. तिकडे 'हुग्रा' असा एक शब्द आहे: सत्ता असलेल्याने सामान्य माणसाला तुच्छ लेखणे. २०१० च्या उठावाचे मूळ त्या शब्दात होते. दहा वर्षांत सरकारे वारंवार बदलली, भाषणाचे स्वातंत्र्य आले, पण बेकार पदवीधराला कचेरीच्या खिडकीवर मिळणारी वागणूक बदलली नाही. तरीही ट्युनिशियाला यशस्वी म्हणणे चुकले असे मी म्हणणार नाही. तीन-चार वर्षांत उभारलेली घटना खरीच होती. ती ज्यांच्या नावाने लिहिली गेली, त्यांच्यापर्यंत ती पोहोचली नव्हती. २०२२ च्या डिसेंबरात नव्या संसदेसाठी मतदान झाले, तेव्हा सुमारे ११ टक्केच मतदार मतदानाला आले.