घरासाठी 3 वर्षांत 6 लाख जमवायचे आहेत. काटकसर करूनही शिल्लक का राहत नाही?

प्रश्न : कृष्णाकाठची (सांगली)

नमस्कार. मी व माझे पती लग्नापासून सांगलीच्या गावभागात तळमजल्यावरील दोन खोल्यांत भाड्याने राहतो. ऑगस्ट 2019 च्या महापुरात घरात पाणी आले, आणि जुलै 2021 मध्ये पुन्हा आले. तेव्हा मुलगी दीड वर्षाची होती. त्यानंतर भिंतीला दोनदा रंग दिला, तरी कपाट सरकवले की मागे पाण्याची तपकिरी रेघ अजून दिसते. पावसाळ्यात आयर्विन पुलापाशी कृष्णेच्या पाण्याची पातळी 40 फुटांवर गेल्याची बातमी आली की आम्ही सामान माळ्यावर चढवू लागतो. हे आता थांबावे, म्हणून विश्रामबाग परिसरात दुसऱ्या मजल्यावर साधारण 28 लाखांपर्यंतचा तयार फ्लॅट घ्यायचे आम्ही ठरवले आहे. त्यासाठी 3 वर्षांत 6 लाख रुपये स्वतःचे हवेत. त्यांपैकी 1 लाख 40 हजार मुदत ठेवीत आहेत.

हे कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीस असून मी मिरजेतील एका प्रयोगशाळेत काम करते. दोघांचे मिळून हातात 54,000 येतात. भाडे 8,500, गावी सासू-सासऱ्यांना 5,000, गाडीचा हप्ता 3,200 (तो अजून 8 महिने आहे), किराणा, दूध, भाजी व गॅस मिळून 14,000, दोन दुचाकींचे पेट्रोल 4,500, वीजबिल, मोबाईल व इंटरनेट 2,800, आणि बाहेरचे खाणे 4,000. ही बेरीज 42,000 होते, म्हणजे दरमहा 12,000 उरायला हवेत. गेले चार महिने आम्ही वहीत हिशेब लिहितो आहोत. यांनी कारखान्याबाहेरचा चहा सोडला, मी सहा महिन्यांत एक साडी घेतली नाही, तरीही खात्यावर कधी दोन तर कधी तीन हजारच उरतात. मागच्या महिन्यात चुलत दिराच्या लग्नातील आहेरावरून आमच्यात बोलाचाली झाली आणि दोन दिवस घरात अबोला होता. पैसा नेमका कुठे जातो, आणि एकमेकांना न दुखावता तो कसा वाचवायचा, याविषयी अनुभवींनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : अजिंक्यतारा (सातारा)

ताई, मी बँकेत 31 वर्षे नोकरी करून निवृत्त झालो आहे आणि आपण दिलेली यादी मी कागदावर मांडून पाहिली. आपल्या हिशेबात मला चूक दिसत नाही, परंतु त्यात फक्त महिन्याचे खर्च आहेत, वर्षाचे नाहीत. मुलीच्या शाळेची फी, आरोग्य विम्याचा हप्ता, दोन्ही गाड्यांचा विमा व सर्व्हिसिंग, दिवाळी, गावची जत्रा, लग्नसराईतील आहेर, यांपैकी एकही बाब आपल्या यादीत नाही, आणि आपला पैसा तिथेच जात असणार. हे खर्च वर्षातून एकदा येतात म्हणून ते अचानक आल्यासारखे वाटतात, पण जत्रेची तिथी आणि विम्याची तारीख आपल्याला आधीपासून ठाऊक असते.

आपण दोघांनी एका संध्याकाळी शेजारी बसून मागील बारा महिन्यांचे बँकेचे उतारे पाहावेत व असे सर्व खर्च एका कागदावर लिहून त्यांच्या बेरजेला 12 ने भागावे. जो आकडा येईल, तेवढी रक्कम पगाराच्या दिवशीच वेगळ्या बचत खात्यात टाकावी आणि वर्षाचे खर्च त्याच खात्यातून करावेत. आहेराचा वाद मला फार जवळून माहीत आहे. आमच्या घरीही तो होत असे. आम्ही एप्रिलमध्येच वर्षभराच्या आहेराची रक्कम ठरवू लागलो, तेव्हा कोणाला किती द्यायचे हे माझी पत्नी व मी त्या रकमेच्या आत ठरवू लागलो आणि माहेर-सासर हा प्रश्नच उरला नाही.

आता घराविषयी. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार 30 लाखांपर्यंतच्या गृहकर्जात घराच्या किमतीच्या 90 टक्क्यांपर्यंत कर्ज मिळू शकते, परंतु मिळते म्हणून तेवढे घेऊ नये. आपण 24 लाखांचे कर्ज घेतले तर 4 लाख स्वतःचे लागतील, आणि मुद्रांक शुल्क व नोंदणी यांसाठी सुमारे 2 लाख वेगळे ठेवावे लागतील. घर एकट्या आपल्या नावावर घेतल्यास महिलांसाठीची मुद्रांक शुल्कातील 1 टक्क्याची सवलत मिळते, म्हणजे 28 लाखांवर 28,000 रुपये वाचतात. पतीचे नाव खरेदीदार म्हणून जोडले तर ती मिळत नाही, हे आधी बोलून घ्यावे. 24 लाखांचा हप्ता साडेआठ टक्के दराने 20 वर्षांसाठी महिना सुमारे 20,800 येतो. स्वतःच्या 6 लाखांतून मुदत ठेव वजा जाता उरलेल्या 4 लाख 60 हजारांसाठी आपल्याला 36 महिने साधारण 12,800 बाजूला टाकावे लागतील, आणि त्यात आजचे भाडे मिळवले की 21,300 होतात. म्हणून ही बचत जमू लागली की पुढचा हप्ता झेपेल याचीही खात्री होत जाते. ती जमलीच नाही, तर घराची किंमत कमी करावी, घरातील माणसांचे हाल करू नयेत.

उत्तर : मिरजकर गृहिणी (मिरज)

मी फक्त स्वयंपाकघरापुरते बोलते. 14,000 मध्ये तीन माणसांचा खर्च बसतो, पण त्यात दोन हजार कमी होण्यास जागा आहे, असे माझ्या घरावरून सांगू शकते. आम्ही तीन शेजारणी मिळून गणपती पेठेतील घाऊक दुकानांतून महिन्याचा किराणा आणतो. 15 किलोचा तेलाचा डबा घेतो आणि ओट्यावर काट्यावर ठेवून तिघींत वाटून घेतो. रोज कोपऱ्यावरच्या दुकानातून पाव किलो, अर्धा किलो आणले की दर जास्त पडतो, आणि यादीत नसलेली दोन पाकिटेही पिशवीत येतात.

आमच्याकडे चैत्र-वैशाखात वर्षाचे गहू व शाळू भरण्याची पद्धत आहे आणि ती सगळ्यांत स्वस्त पडते, तथापि आपल्या घरी मी तो सल्ला देणार नाही. तळमजल्यावर पुराच्या पाण्यात पोती भिजली तर वर्षाची बचत एका रात्रीत जाईल. आपण तीन महिन्यांचेच धान्य घ्यावे, डाळींना एरंडेल चोळून ठेवावे आणि जून ते सप्टेंबर डबे माळ्यावर ठेवावेत. रात्री शाळूची भाकरी, पिठले आणि मिरचीचा ठेचा असे आठवड्यातून तीन दिवस केले तर घरातील कोणालाही उपाशी असल्यासारखे वाटत नाही. मुलीचे दूध व फळे यांना मात्र हात लावू नका. बाहेरचे खाणे पूर्ण बंद केले की महिन्याभरात सगळे चिडचिडे होतात, म्हणून रविवारची एक भेळ राहू द्या. आणि मुलीसमोर पैशावरून अबोला धरू नका. तिला कारण समजत नाही, पण घरातले गप्प राहणे समजते.

उत्तर : पैपै (सांगली)

जमवलेला पैसा कुठे ठेवता याकडेही लक्ष द्यावे, कारण याच गोष्टीत मी चुकलो. दोन टक्के जास्त व्याजासाठी मी एका पतसंस्थेत घरासाठीचे पैसे ठेवले आणि तिचे व्यवहार थांबल्यावर ते अडकले. आजवर निम्मेच परत मिळाले आहेत. बँकेतील ठेवींना, मग ती बँक सहकारी असली तरी, 5 लाखांपर्यंत ठेव विम्याचे संरक्षण असते, पतसंस्थेतील ठेवींना ते नसते. भिशीतही घराचा पैसा घालू नये; ती ओळखीवर चालते आणि एकाने हात वर केले की सगळेच अडकतात. टपाल खात्याची आवर्ती ठेव सुरक्षित आहे, पण तिची मुदत 5 वर्षांची असून 3 वर्षांनी मोडल्यास बचत खात्याच्या दरानेच व्याज मिळते, त्यामुळे आपल्या 3 वर्षांच्या उद्दिष्टासाठी बँकेतील 36 महिन्यांची आवर्ती ठेव सोयीची पडेल.

फ्लॅट पाहताना पार्किंग, विजेचे मीटर आणि पाण्याची टाकी कोणत्या उंचीवर आहेत हेही पाहा, आणि ती जागा पाटबंधारे विभागाच्या निळ्या व लाल पूररेषेच्या बाहेर आहे का याची महापालिकेत चौकशी करा.

प्रश्नकर्तीचे उत्तर : कृष्णाकाठची (सांगली)

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री मुलगी झोपल्यावर आम्ही दोघांनी उतारे काढले. शाळा 28,000, आरोग्य विमा 18,000, गाड्या 12,000, दिवाळी व कपडे 22,000, आहेर 15,000 आणि जत्रा 8,000 अशी बेरीज 1 लाख 3 हजार झाली, म्हणजे महिन्याला जवळजवळ 8,600. चार महिने जे सापडत नव्हते ते समोर दिसले तेव्हा हे बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि मग म्हणाले, “आपण दोघेही उगाच एकमेकांच्या चहा-साडीकडे बघत होतो.”

12,000 मधून हे वजा जाता 3,400 उरतात. बाहेरचे खाणे 1,500 वर आणायचे, किराण्यात 2,000 कमी करायचे, आणि मी मिरजेला दुचाकीऐवजी एसटीच्या मासिक पासने जायचे, ज्यात 20 दिवसांच्या भाड्यात 30 दिवस प्रवास होतो. त्यातून निदान 1,200 वाचतील. म्हणजे सध्या 9,100, आणि गाडीचा हप्ता फिटल्यावर 12,300. ठेव व व्याज धरून तिसऱ्या वर्षाअखेर 6 लाखांच्या आसपास पोहोचता येईल असे दिसते. सासूबाईंना पाठवण्याच्या 5,000 मध्ये कपात करायची नाही, यावर आमचे लगेच एकमत झाले. घर माझ्या एकटीच्या नावावर घेण्याविषयी यांची हरकत नाही, परंतु सासऱ्यांशी आधी बोलून घ्यावे असे यांना वाटते, म्हणून पुढच्या रविवारी आम्ही गावी जात आहोत. जाताना भाड्याची गाडी न करता एसटीने जाऊ; मला महिला सवलतीमुळे अर्धे तिकीट पडते आणि मुलीलाही अर्धेच.