गुडघा लोखंडानं जातो की घाईनं?

वडगावचा मागवाला
वय ४१. दिवसभर मागावर उभा, संध्याकाळी जिम. दोन महिन्यांत स्क्वॉट (खांद्यावर बारबेल घेऊन बैठक) ४० किलोवरून ८० वर नेला. मांड्या मस्त भरल्या, पण गुडघ्याच्या वाटीखाली दुखायला लागलंय, जिना उतरताना जास्त. गल्लीतले तालमीचे काका म्हणतात, "लोखंड सोड, बैठका मार. आनंदवाडीच्या आखाड्यात उतरणारे बारबेल उचलून तयार झाले होते काय?" मला वाटतं वजनानं सांधे झिजत नाहीत, चुकतंय ते दुसरंच. तुम्हाला काय वाटतं?

लाल माती
काका बरोबर बोलले. आमच्या वस्तादांनी पहिलं वर्षभर नुसते जोर-बैठका करून घेतले, मुद्गलाला हातही लावू दिला नाही. आज पन्नाशी उलटली, गुडघा अजून कुरकुरत नाही. आपलं ते आपलं.

खानापूर रोड
अहो, "वर्षभर" हा शब्द तुम्हीच लिहिलात आणि श्रेय मात्र बैठकांना देताय! स्नायूला काही आठवड्यांत ताकद येते. त्याला हाडाशी जोडणारी कंडरा मागं राहते, तिला महिने लागतात, कारण तिथं रक्त कमी पोचतं. मागवाल्यांची मांडी ८० ला तयार झाली, कंडरा अजून ५० वरच असणार. वस्तादांना हे पुस्तकातून कळलं नव्हतं, पोरं मोडताना बघून कळलं असेल.

निपाणीकर
जुन्या पैलवानांचं कौतुक पुरे. आमच्याकडं निम्म्यांना पंगतीत मांडी घालून बसता येत नाही. चाळिशीनंतर हलकं वजन, अर्धाच स्क्वॉट, गुडघा बोटांपुढं जाऊ द्यायचा नाही. सांधा यंत्रासारखाच, जितका वापराल तितका झिजणार.

लाल माती
ते गुडघे कुस्तीत मुरगळलेले. बैठकांवर कशाला ढकलता?

खानापूर रोड
निपाणीकर, यंत्राचा भाग स्वतःला दुरुस्त करत नाही, सांधा करतो, हळूहळू का होईना. कूर्चेत, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत अस्तरात, रक्तवाहिन्या नाहीत. दाबली-सोडली की सांध्यातल्या द्रवातून तिला पोषण मिळतं, म्हणजे नुसतं बसून राहणं हेही औषध नव्हे. आणि जिना उतरताना गुडघा बोटांपुढं जातोच की, मग जिनाही सोडायचा? मुद्दाम मागं धरलात तर भार कंबरेवर येतो.
मागवाल्यांनी ५० वर यावं, खाली जायला मोजून तीन सेकंद घ्यावीत. आधी भिंतीला पाठ लावून हवेत खुर्चीत बसल्यासारखं पाऊण मिनिट, चार-पाच वेळा. दुखणं हलकं असेल आणि दुसऱ्या सकाळी वाढलं नसेल तर चालू ठेवा. सूज आली, गुडघा अडकला किंवा दगा द्यायला लागला तर डॉक्टर गाठा. गोळी खाऊन स्क्वॉट मारू नका, दुखणं झाकलं जातं आणि तुम्ही आणखी वजन चढवता. दुखत नसेल तर नुसत्या कट्कट आवाजाला मात्र घाबरायचं कारण नाही.

निपाणीकर
दुखणाऱ्या गुडघ्यावर ५० किलो? माझा विरोध कायम. आधी दोन आठवडे मोकळी बैठक करू दे, मग बघू.

वडगावचा मागवाला
यातलं मोकळ्या बैठकेचं पटलं, आठवडाभर तेच करतो. खरं सांगू? ८० चा आकडा शेजारच्या रॅकवरच्या पोराला बघून लावला होता. तो मिलिटरी भरतीची तयारी करतोय, वय १९.

लाल माती
सोमवारी सकाळी तालमीत या, बैठक बघतो. लोखंड घरी ठेवून या.